नुसता सल्ला की सल्ल्यासोबत पाकिटं? डाएट क्लिनिक काढण्याआधी

डाएट क्लिनिक काढायला निघालेल्या मुली मला हटकून एकच विचारतात: गाळा घेऊ की घरूनच करू? गाळ्याने भाडं वाढतं, कागदपत्रं फारशी वाढत नाहीत. ती वाढतात टेबलाशेजारच्या फळीवर नाचणी सत्त्वाची पाकिटं मांडली की. म्हणून मी तुलना नुसता सल्ला आणि सल्ल्यासोबत पाकिटं या दोन धंद्यांची करते. पुण्यात मी दोन्ही करून पाहिलेत.

शिक्षणाची अट दोन्हीकडे सारखीच. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघेही आहेत, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांत पसरलेलं किमान ३,६०० तासांचं पदवी शिक्षण लागतं. चार रविवारच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंत तर भिंत तेवढी भरेल. इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन ही ओळख, वेगळी. ती सरकारी परवाना नाही, परीक्षा देऊन मिळवायची. पण एखाद्या हॉस्पिटलशी टाय-अप करायला जा, खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, ‘आरडी आहात का?’ जमत असेल तर धंद्याआधी ती परीक्षा उरकून घ्या.

आता नुसता सल्ला. माणसं मोजकीच असतील तर शॉप ॲक्टखाली, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या गुमास्त्यासाठी, ऑनलाइन सूचना दिली की झालं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. हे दोन कागद घेऊन बँकेत चालू खातं उघडता येतं. बहुतेकजणी विसरतात तो व्यवसायकर. एकटीने काम करत असलात तरी पीटीईसी, म्हणजे या कराचा नोंदणी दाखला, काढून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. मी तीन वर्षं भरले नव्हते, मग व्याजासकट भरले. घरूनच करणार असाल तर सोसायटीची ना-हरकत आधीच घ्या, नाहीतर सेक्रेटरी लिफ्टमध्ये गाठतात.

जीएसटी लागतो वर्षाला २० लाखांची उलाढाल ओलांडल्यावर. क्लायंट बंगळुरूची असो की इंदूरची, नुसत्या सल्ल्याला ही मर्यादा तशीच राहते. आहारसल्ला आरोग्यसेवेच्या करमाफीत बसतो का, हा मात्र वादाचा मुद्दा. तो सीएवर सोपवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

पाकिटं आली की चित्र बदलतं. एकदा बेळगावच्या एका क्लायंटने दोन किलो डिंकाचे लाडू मागवले. कुरिअरची पिशवी चिकटपट्टी लावून तयार, आणि सीए फोनवर म्हणाला, ‘थांबा, हा माल राज्याबाहेर चाललाय.’ माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी आधी लागते. सल्ला बेळगावला बिनधास्त जातो, लाडू जात नाही! मालाला ४० लाखांची सूट असते हे ऐकून खूश होऊ नका, ती फक्त माल विकणाऱ्यांना. सल्ला आणि माल एकाच पॅनवर असले की दोन्हींची बेरीज करून २० लाखच धरतात.

त्याशिवाय एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना, पाकिटावर त्याचा १४ आकडी नंबर, घटकपदार्थ, पोषणमूल्यं, हिरवी खूण, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, पत्ता. माझी पहिली दीडशे लेबलं तारखेची जागाच न ठेवता छापली होती. ती सगळी रद्दीत गेली.

जाहिरातीचं भान दोघींना हवं, पण माल विकणारीला जास्त. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमिडीज कायद्यात, ज्यांच्यावरच्या इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे अशा आजारांची यादी आहे; तिच्यात मधुमेहही आहे आणि लठ्ठपणाही. ‘तीन महिन्यांत शुगर गायब’ असं सल्ल्याच्या पोस्टवर लिहिणंही वाईटच, पण पावडरच्या डब्यावर लिहिलंत तर ते थेट अंगाशी येतं.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं नुसता सल्ला. घरी आधीच मसाल्याचा किंवा पापड-लाडवांचा रीतसर धंदा असेल, स्वयंपाकघर आणि नोंदणी तयार असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सल्ला हीच जोड ठरते.

मी पाकिटांची फळी हटवली ती मात्र कागदपत्रांना कंटाळून नाही. एका काकूंनी डाएट चार्ट वाचता वाचता चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हे सत्त्व मला खरंच लागतंय, की तुझ्याकडे आहे म्हणून लिहिलंयस?’ लागतच होतं. पण ते त्यांना पटवायला माझी दहा मिनिटं गेली. आता मी चार्टवर ‘नाचणी सत्त्व, दोन चमचे’ एवढंच लिहिते. बचत गटाचं घ्या, घरी करा, कुठूनही आणा.