उंदरातल्या एनके पेशी दाबण्यासाठी कोणता जिवाणू: सी. पार्व्हम, बीसीजी की सेप्सिस?

एनके म्हणजे नैसर्गिक मारक पेशी, कर्करोगाच्या आणि विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या प्रतिकारक पेशी. त्या दाबणारा जिवाणू शोधायला निघालेल्याला पहिला धक्का बसतो तो असा, की दाबणारे जिवाणू त्याच पेशींना चेतवतातही. म्हणून जिवाणूचं नाव ठरवण्याआधी टोचण्याचा मार्ग आणि मोजणीचा दिवस ठरवावा, असं माझं ठाम मत आहे.

सी. पार्व्हम हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. (जुन्या लेखांत कोरिनेबॅक्टेरियम पार्व्हम, नंतर प्रोपिओनीबॅक्टेरियम ॲक्नेस आणि 2016 पासून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. संदर्भ शोधताना तिन्ही नावं वापरा.) मारलेले जिवाणू शिरेतून दिले की पहिल्या काही दिवसांत मारक क्षमता वाढू शकते, पण आठवडा उलटेपर्यंत प्लीहेतली क्षमता घसरते. तेच जिवाणू उदरपोकळीत टोचले तर तिथल्या एनके पेशी उलट चेततात. घसरणीच्या काळातल्या प्लीहेतल्या पेशी निरोगी उंदराच्या पेशींत मिसळल्या, तर निरोगी पेशींचं मारणंही मंदावतं. म्हणजे एनके पेशी नुसत्या संपलेल्या नसतात, त्यांना कुणीतरी रोखून धरलेलं असतं. तुमचा प्रश्न या रोखण्याचाच असेल, तर मी बिनदिक्कत सी. पार्व्हम घेईन. जिवाणू मेलेले असल्यामुळे ते शरीरात वाढत नाहीत आणि डोस आपल्या हातात राहतो.

मात्र दोन ठिकाणी फसगत होते. सी. पार्व्हममुळे प्लीहा खूप सुजते, त्यामुळे एनके पेशींचं प्रमाण इतर पेशींच्या गर्दीतच कमी दिसतं. टक्केवारी घसरली म्हणून दमन झालं असं लिहू नका. अख्ख्या प्लीहेतल्या एनके पेशींची संख्या आणि दर पेशीमागची मारक क्षमता वेगवेगळी मोजा. दुसरं म्हणजे साधारण सातव्या दिवशी हे उंदीर एंडोटॉक्सिनला (काही जिवाणूंच्या आवरणातल्या विषाला) कमालीचे हळवे होतात. एरवी सहज पचणारा डोसही तेव्हा यकृत उद्ध्वस्त करतो. म्हणून पुढे जे काही टोचाल ते एंडोटॉक्सिनमुक्त असल्याची खात्री हवीच.

बीसीजी (क्षयाच्या लशीतला जिवाणू) जिवंत असतं आणि आठवडेच्या आठवडे शरीरात टिकतं. दीर्घकाळच्या संसर्गाचा परिणाम पाहायचा असेल तर हा त्याचा गुण, नेमक्या दिवसावर बोट ठेवायचं असेल तर दोष. उदरपोकळीत दिल्यास तेही तिथली एनके क्रिया वाढवतं, तर शिरेतून दिल्यावर प्लीहेत दमन करणाऱ्या, मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या) पेशी जमतात. शिवाय उंदराची जात आडवी येते. एनरॅम्प1 जनुकामुळे सी57बीएल/6 आणि बाल्ब/सी या जाती बीसीजीला सहज बळी पडतात, ए/जे आणि सी3एच टिकून राहतात. दोन जातींची तुलना करणार असाल तर बीसीजी टाळाच.

आंधळ्या आतड्याला गाठ मारून, ते टोचून केलेलं सेप्सिस (शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग) रुग्णाच्या अवस्थेच्या जास्त जवळ जातं. पण तिथे एकच जिवाणू नसतो, आतड्यातली सगळी सरमिसळ असते. सुरुवातीला एनके पेशी स्वतःच दाह भडकवतात, मग त्यांची संख्या घटते. कारण नेमकं कुठलं, हे उलगडणं फार कठीण. केवळ दमनाची यंत्रणा शोधणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

फुझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या तोंडातल्या जिवाणूचाही मोह होतो. त्याचं फॅप2 प्रथिन टिजिट या पेशीवरच्या ग्राहीला धरून एनके पेशींना थोपवतं, पण हा पुरावा मानवी पेशींवरचा आहे. तो उंदराला लागू पडेल असं गृहीत धरून प्रयोग आखू नका.

आणि तुम्हाला दमन नको, नुसती एनके पेशींची अनुपस्थिती हवी असेल, तर जिवाणू हवाच कशाला? सी57बीएल/6 मध्ये पीके136 प्रतिपिंड ते काम कितीतरी स्वच्छ करतं. बाल्ब/सी मध्ये मात्र ते चालत नाही, तिथे ॲसिॲलो-जीएम1 विरोधी प्रतिपिंड वापरतात. त्याने इतर काही पेशीही मरतात, हे गणतीत धरा.

मोजणीसाठी याक-1 लक्ष्यपेशी (एनके पेशी सहज मारतात अशा उंदराच्या कर्करोगपेशी) आणि चार तासांची क्रोमियम-51 चाचणी (मेलेल्या पेशींतून सुटणारं किरणोत्सारी क्रोमियम मोजणारी) अजूनही भरवशाची आहे. उंदीर सहा ते आठ आठवड्यांचेच घ्या. तीन आठवड्यांखालच्या पिल्लांत ही क्रिया जवळपास नसतेच आणि बारा आठवड्यांनंतर ती आपोआप उतरू लागते. नियंत्रण गटाचं वय जुळलं नाही, तर ही उतरंड जिवाणूच्या खात्यावर जमा होईल.