साडेचौदा हजारांचा काळा डबा

माझी 2004 ची मारुती एस्टीम, 1298 सीसी. तिला ऑटोक्रॉसला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या वेळेच्या शर्यतीला उतरवायचं, एवढंच डोक्यात होतं. नाशिकमध्ये वाढलेल्या पोराला रॅलीचं वेड लागायला फार काही लागत नाही. अंबडच्या एका गॅरेजवाल्याने ते वेड बरोबर हेरलं.

"भाऊ, रेसच्या गाडीला पीसीव्ही नसतो ठेवायचा. कॅच कॅन टाकू." म्हणजे इंजिनातल्या गॅसचा पीसीव्ही व्हॉल्व्ह बंद करून तेल अडवणारा काळा डबा बसवायचा. 14,500 रुपये यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वरून पडेल. मी म्हटलं, राहू द्या मग. इथेच माती खाल्ली.

त्याचं बोलणं धडधडीत खोटं नव्हतं, म्हणून तर फसलो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात उतरतोच. आपले मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. कंपनीच्या गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्हमधून तो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या पाईपात खेचला जातो आणि इंजिनात जळून जातो. फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डची ओढ कमी होते, मग गॅस दुसऱ्या पाईपने एअर क्लीनरकडे जातो आणि सोबत तेलाची वाफही नेतो. ते तेल मधेच अडवायचं काम कॅच कॅनचं. पण गॅसला बाहेर पडायला वाट हवीच.

शहरात हळू चालवताना नुसता तेलाचा वास यायचा. सरावाला 5000 च्या वर आरपीएम नेले आणि तिसऱ्या फेरीत डिपस्टिक नळीतून उडाली. बॉनेट उघडलं तर आत सगळीकडे तेल. गिअरबॉक्सच्या बाजूनेही टपटप चालू.

गॅरेजवाल्याने चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं. भस्सकन वाफ आली. "बघा, रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागेल, 46 हजार." मी मुकाट्याने 10,000 ॲडव्हान्स दिला. ज्या इंजिनाची तोंडं त्यानेच बंद केली, ते झाकण काढल्यावर फुंकणार नाही तर काय करणार? हे तेव्हा सुचलं नाही.

मेहुण्याने सातपूरला एका म्हाताऱ्या चाचांकडे नेलं. चाचांनी पाना उचललाच नाही. डबा काढला, पाईपला तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, हवा जाईना. डब्याच्या दुसऱ्या निप्पलमध्ये, म्हणजे पाईप जोडायच्या तोंडात तार घातली, ती दोन बोटांवर अडली. निप्पल बाहेरून वेल्डिंग केलेलं, खाली भोकच पाडलेलं नाही! पीसीव्हीच्या पाईपची क्लिप सोडली तर आत बोल्ट ठोकलेला. डबा कापला: ना जाळी, ना आडवा पत्रा. रिकामं डबडं.

चाचांनी नवा पीसीव्ही आणला, कानाशी हलवून दाखवला. आतून खटखट वाजला पाहिजे, नाहीतर अडकलाय समजायचं. जुने पाईप जागच्या जागी लावले, कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे, रिंगांना काही झालं नव्हतं. मागचा ऑइल सील मात्र गेला होता, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. तेलासकट 6,800 रुपये.

वर आणखी एक गंमत. क्रँककेसचा गॅस थेट बाहेर सोडणारा उघडा ब्रीदर असला तर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीत 2000 सीसीपर्यंत किमान 2 लिटरचा आणि आतलं तेल बाहेरून दिसेल असा डबा सांगितलाय. माझा पाऊण लिटरचा, काळाकुट्ट. चांगला असता तरी त्या मापात बसला नसता.

ॲडव्हान्स परत मागितला तर उत्तर मिळालं, "पार्ट मागवलेत." कोणते पार्ट, ते दाखवेना. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. हातात बिल नाही, फक्त यूपीआयचे दोन स्क्रीनशॉट.

परवा त्याच रस्त्याने गेलो तर काउंटरवर तसेच तीन काळे डबे मांडलेले दिसले. तुम्हाला कुणी असला डबा दाखवला तर पैसे काढायच्या आधी दोन्ही निप्पलमध्ये तार घालून बघा.