घरपोच कृत्रिम रेतन सेवा: शुक्राणूंचे वेळापत्रक ओळखणारे काम

आमच्या तालुक्यातील एका खासगी केंद्राची घरपोच कृत्रिम रेतन सेवा मी संकरित गायींसाठी घेतो. ती मला का पसंत आहे, हे सांगण्यासाठी आधी शुक्राणूंविषयी लिहिणे भाग आहे.

नैसर्गिक संयोगात वळूचे अब्जावधी शुक्राणू योनीत पडतात. त्यांतील फार थोडे गर्भाशयमुखातील सोट, म्हणजे चिकट स्राव, ओलांडतात आणि जे गर्भनलिकेच्या अरुंद भागापर्यंत पोहोचतात, ते तेथील अस्तराला चिकटून बीजांड सुटण्याच्या सुमारापर्यंत तग धरतात. फलनाची क्षमताही त्यांना मादीच्या शरीरातच येते. रोहू माशाच्या शुक्राणूंना इतकी सवड नसते, कारण गोड्या पाण्याचा स्पर्श होताच ते चळवळू लागतात आणि एखाद-दोन मिनिटांत थंडावतात. वळूच्या शुक्राणूंची घडण मुक्कामासाठी झालेली आहे, पण गोठवल्याने नेमका हाच गुण उणावतो. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रातून (नायट्रोजनमधून) आलेल्या शुक्राणूंच्या आवरणात फलनापूर्वीचे काही बदल आधीच झालेले असतात, म्हणून ते फार काळ टिकत नाहीत.

या केंद्राचे तंत्रज्ञ हे जाणून काम करतात. माज, म्हणजे गाय फळण्यास तयार असल्याची लक्षणे, पहिल्यांदा केव्हा दिसला, हे ते फोनवरच विचारतात आणि सकाळचा माज असेल तर संध्याकाळी, संध्याकाळचा असेल तर दुसऱ्या सकाळी येतात. बीजांड माज संपल्यानंतर साधारण १० ते १२ तासांनी सुटते. गोठवलेल्या रेताची कांडी, म्हणजे बारीक नळी, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरताना ते तापमापक वापरतात. अन्यत्र मी कांडी नुसती खिशात ठेवून वितळवताना पाहिले आहे. पाव मिलिलिटरच्या कांडीत सुमारे दोन कोटीच शुक्राणू असल्याने ते गर्भाशयमुखाच्या पलीकडे सोडणे आवश्यक असते, आणि ते काम येथे घाई न करता होते.

बहुतेक वेळा कालवडच देणारी, मादी वासराचे शुक्राणू वेगळे काढलेली महागडी लिंगवर्गीकृत रेतमात्राही येथे मिळते. परंतु तिच्यात शुक्राणू कमी असतात आणि वर्गीकरणाचा ताणही त्यांनी सोसलेला असतो, म्हणून वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या, माझ्या गायीसाठी ती घेऊ नका, असे तंत्रज्ञांनी स्वतःहून सांगितले. या प्रामाणिकपणाचे मोल मला फार वाटते.

उणीव एकच. रविवारी संध्याकाळी फेरी नसते, त्यामुळे रविवारी सकाळी माजावर आलेल्या गायीचे रेतन सोमवारवर जाते आणि शुक्राणूंना अल्पायुषी बीजांड वेळेत गाठण्याइतका अवधी अनेकदा उरत नाही. ती फेरी सुरू करावी, अशी लेखी विनंती मी केंद्राला केली आहे.