गॅसगळतीच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

एका सकाळी स्वयंपाकघरात शिरताच गॅसचा वास आला. शेगडीची बटणे बंद होती, तरीही वास जात नव्हता. घाबरून मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर दुरुस्ती करणाऱ्यांचा शोध घेतला आणि जाहिरातीत जो पहिला क्रमांक दिसला त्यावर फोन केला. चूक इथूनच सुरू झाली. वास येत असलेल्या खोलीत फोन, दिवा, पंखा यांपैकी कशालाही हात लावायचा नसतो. मीटरजवळची मुख्य झडप बंद करून, दारे-खिडक्या उघडून, घरातल्या सर्वांना घेऊन बाहेर पडायचे आणि बाहेरूनच गॅस पुरवठादाराच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे असते. तो क्रमांक माझ्या गॅसबिलावर छापलेला होता.

अर्ध्या तासात एक माणूस आला. त्याच्या अंगात गणवेशासारखे जाकीट होते, म्हणून मी ओळखपत्र मागितले नाही. आत येताच त्याने दिव्याचे बटण दाबले. तेवढ्यावरूनच मी त्याला परत पाठवायला हवे होते, कारण हवेत मिथेनचे, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅसमधल्या मुख्य घटकाचे, प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर बटणातून उडणारी बारीकशी ठिणगीही स्फोटाला पुरते.

मग त्याने एका ओल्या फडक्याने पाइपचे जोड पुसले आणि हातातले उपकरण त्यांच्याजवळ धरले. तीन जोडांवर ते कर्कश वाजले. गॅस खाली साचतो असे सांगत त्याने ते जमिनीलगतही फिरवले. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो हे खरे आहे. परंतु आमच्याकडे पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि तो छताकडे जातो. ‘‘सगळी लाइन सडली आहे, आज बदलली नाही तर रात्री काय होईल सांगता येत नाही,’’ असे तो म्हणाला. घरात लहान मुले असताना हे ऐकल्यावर दुसरीकडे विचारण्याचे भान राहत नाही. मी पूर्ण रक्कम आगाऊ दिली. पावती मिळाली नाही. त्याने पाइपचा एक तुकडा बदलला, जोडांवर पाण्याच्या नळाला लावतात ती पातळ पांढरी टेप गुंडाळली, वरून एपॉक्सीची लांबी (फटी बुजवायचा लगदा) थापली आणि रंग दिला. साबणाच्या पाण्याने तपासून दाखवा, असे मी म्हटले तेव्हा लांबी अजून ओली असल्याचे कारण त्याने दिले आणि वास दोन दिवस राहतोच, असे सांगून तो निघून गेला.

त्याच्या या शेवटच्या वाक्याचा मला आजही सर्वाधिक संताप येतो. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत अशाच गंधहीन वायूच्या गळतीने स्फोट होऊन सुमारे ३०० जण, त्यांत बहुसंख्य मुले, मृत्युमुखी पडल्यानंतर तिथे गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले. धोक्याची खूण म्हणून मुद्दाम मिसळलेला तो वास दुर्लक्षित करायला त्याने मला सांगितले होते. शिवाय नाकाला सततच्या वासाची सवय होते. दोन दिवसांनी वास गेला असे आम्हाला वाटत होते, पण भेटायला आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने उंबरठ्यावरच विचारले, ‘‘अरे, गॅसचा वास येतोय ना?’’

या वेळी मी झडप बंद करून बाहेरून पुरवठादाराला कळवले. आलेल्या तंत्रज्ञाने आधी खोलीतली हवा तपासली, सर्व बर्नर बंद असल्याची खात्री केली आणि लाइनला दाबमापक जोडून तिच्यात दाब भरला. काही मिनिटांतच दाब उतरला. त्यानंतर साबणाचे पाणी लावल्यावर दोन ठिकाणी बुडबुडे आले: एक शेगडीच्या बटणामागच्या झडपेपाशी, जिला त्या माणसाने हातही लावला नव्हता, आणि दुसरे त्यानेच बसवलेल्या जोडावरच्या लांबीच्या कडेला. मूळ गळती तशीच राहून तिच्यात दुसरीची भर पडली होती.

उपकरण मग वाजले कसे, असे मी विचारले. तंत्रज्ञाने अंगणात नेऊन स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा स्वतःच्या उपकरणाजवळ धरला, तेव्हा ते तसेच वाजू लागले. अशी अनेक उपकरणे स्पिरिटच्या वाफेलाही प्रतिसाद देतात, असे त्याने समजावले, आणि ते ओले फडके मला आठवले. नंतर त्याने लांबी थापलेला भाग काढून टाकला, गॅससाठीचे सीलंट वापरून जोड नव्याने घट्ट बसवला, शेगडीची झडप बदलली, पुन्हा दाबचाचणी घेऊन काटा स्थिर राहिल्याचे मला दाखवले आणि तसा लेखी अहवाल दिला.

काढलेला पाइपचा तुकडा आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून मी पोलिसांत तक्रार केली आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. त्या माणसाचा क्रमांक बंद आहे. तीच जाहिरात मात्र दुसऱ्या क्रमांकासह अजूनही दिसते.