आज्यांच्या भित्तिचित्राला पैसा कुठून आणायचा? वर्गणी, ग्रामपंचायत, सीएसआर आणि ऑनलाइन देणगीची तुलना

बचत गट, महिला मंडळ, शाळा किंवा तरुण मंडळानं गावातल्या आज्यांचं भित्तिचित्र काढायचं ठरवलं की गाडी पैशापाशी अडते. मराठवाड्यात त्यासाठी चार मुख्य वाटा आहेत: लोकवर्गणी, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) आणि ऑनलाइन देणगी. निवड करताना रक्कम किती मिळेल एवढंच पाहू नका. पैसा ज्याचा, भिंतीवर चेहरे कुणाचे हे ठरवताना शब्दही त्याचाच चालतो.

आधी आकडा काढू. भिंत ४० फूट लांब, १० फूट उंच, म्हणजे ४०० चौरस फूट धरा. चित्रकाराचा दर चौरस फुटाला १५० रुपये गृहीत धरला तर ६०,००० रुपये होतात. भिंतीची दुरुस्ती आणि पुट्टी १४,०००, प्रायमर आणि रंग १८,०००, परांची ६,०००. चित्रासाठी वेळ देणाऱ्या आठ आज्यांना प्रत्येकी १,५०० प्रमाणे १२,००० मानधन, अनावरणाला ८,०००. बेरीज १,१८,०००. वर १० टक्के अनपेक्षित खर्च आणि देखभालीला २०,००० धरले की दीड लाखाला दोनशे कमी. तुमच्याकडचे दर टाकून हिशेब पुन्हा मांडा, पण मानधन आणि देखभाल या दोन ओळी खोडू नका. काटकसर करताना नेमक्या त्याच आधी कापल्या जातात.

लोकवर्गणी

सप्ताहाची वर्गणी घरटी कशी गोळा करायची हे इथल्या गावांना शिकवावं लागत नाही. पैसा रोख येतो, चित्रकाराला आगाऊ देता येतो आणि चित्रात काय असावं यावर बाहेरच्या कुणाची मंजुरी लागत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली बाई, किल्लारीच्या भूकंपानंतर नातवंडं वाढवलेली आजी, गावची सुईण, जात्यावर ओव्या म्हणणारी, हे चेहरे भिंतीवर यायचे असतील तर वर्गणीइतकी मोकळीक दुसरीकडे नाही.

अडचणीही गावातल्याच आहेत. ज्यानं पंचवीस हजार दिले, त्याची आई चित्रात मधोमध येते आणि तांड्यावरची किंवा वस्तीवरची आजी कोपऱ्यातसुद्धा नसते. यावर उपाय म्हणजे पावतीपुस्तक उघडण्याआधी महिला सभेत नावं पक्की करायची आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायची. एका घराकडून जास्तीत जास्त किती घ्यायचे याची मर्यादा ठेवा, ५,००० पुरे. देणगीदारांची यादी चित्राबाहेर, सगळी नावं एकाच आकारात.

वेळही पाहावी लागते. सोयाबीन विकलं की दिवाळीच्या आगेमागे, कापूस पट्ट्यात त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी हातात पैसा असतो. बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांकडून दसऱ्याच्या सुमारास मागू नका. तेव्हा हातात असते ती उचल, म्हणजे कर्ज. त्यांचा वाटा परत आल्यावर घ्या, नाहीतर श्रमदानात धरा.

नोंदणीकृत न्यास नसताना अशी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते का ते आधी विचारा. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. दोन सह्यांचं खातं ठेवा आणि जमाखर्च चावडीवर लावा.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिका

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. स्वउत्पन्न ३ लाख असेल तर हा आकडा ३०,००० होतो, आणि त्यावर अंगणवाडीपासून शिलाई प्रशिक्षणापर्यंत सगळ्यांचा डोळा असतो. चित्र त्यात बसतं का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) ठरावाआधी विचारा.

मोठी अडचण वेगळीच आहे. सरकारी खर्चाला दरपत्रकं लागतात आणि सर्वांत कमी दराला काम जातं. त्यातून पाट्या रंगवणारा येतो, चेहरे काढणारा येत नाही. बिल काम झाल्यावर, मोजमापानंतर निघतं, तोवर चित्रकार स्वतःच्या खिशातून रंग आणणार नाही. नगरपालिकेत स्वच्छ सर्वेक्षणाच्या भिंतींसोबत तुमची भिंत जोडली गेली तर आज्यांच्या शेजारी ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे येतात.

म्हणून ग्रामपंचायतीकडे चित्राचे पैसे मागूच नका, भिंत मागा. गिलावा, माथ्यावरची कोपिंग (पावसाचं पाणी भिंतीत मुरू न देणारी कड), पायथ्याची गटार ही मोजता येणारी कामं आहेत, इंजिनिअर ती सहज मोजतो. भिंतीला टिकवतातही तीच. सोबत भिंत वापरायची लेखी परवानगी घ्या. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यामुळे ती हातात असलेली बरी. जिल्हा परिषद शाळेची भिंत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठरावही घ्या.

आमदार-खासदार निधीचा भर टिकाऊ मालमत्तेवर असतो, शिवाय नावाची पाटी येते आणि आचारसंहिता लागली की तिच्यावर कागद चिकटतो. भिंत बांधायची असेल तर विचार करा, चित्रासाठी नको.

कंपनीचा सीएसआर

आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. कला-संस्कृती आणि महिला सक्षमीकरण दोन्ही विषय कायद्याच्या यादीत आहेत. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या उद्योगांजवळ असाल तर दार ठोठवायला हरकत नाही.

बचत गटाच्या खात्यावर हा पैसा सहसा थेट येत नाही. मधली संस्था १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी असलेली लागते, किंवा कंपनीनं चित्रकाराला स्वतः पैसे द्यायचे. दीड लाखाच्या कामाला कागदपत्रं पंधरा लाखांच्या कामाएवढीच लागतात, त्यामुळे एकट्या गावापेक्षा तीन-चार गावांनी मिळून प्रस्ताव दिला तर तो वाचला जातो.

कंपनीची पसंती बहुधा ओळखीच्या चेहऱ्यांना असते: गंगाखेडच्या संत जनाबाई, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या दगडाबाई शेळके. त्या असाव्यातच. पण चौथ्या गल्लीतल्या आजीचं नाव गाळलं जात असेल तर ठाम राहा. भिंतभर लोगो मागितला तर नियम दाखवा. आपल्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी केलेलं प्रायोजन सीएसआरमध्ये धरलं जात नाही. खाली एक फुटाची पट्टी द्या, त्यापुढे नाही.

वेळापत्रकाचा घोळ इथेच सर्वाधिक होतो. ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवायचा म्हणून पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटतो आणि चित्र एप्रिलमध्ये सुरू होतं. पारा चाळिशीच्या वर गेला की ॲक्रिलिक ब्रशखालीच सुकतं, भिंतीला नीट धरत नाही आणि पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात. प्रस्ताव एप्रिल-जूनमध्ये द्या आणि काम नोव्हेंबर ते जानेवारीत होईल असं करारात लिहून घ्या.

सहकारी साखर कारखाने आणि पतसंस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यांना सीएसआरची सक्ती नाही. त्यांच्याकडे मागणी वार्षिक सभेआधी, म्हणजे ऑगस्टपर्यंत पोचवा.

ऑनलाइन देणगी

पुण्या-मुंबईला गेलेली मुलं देतात, पण एकदाच आणि पहिल्या आठवड्यातच. देणगी गोळा करणारी संकेतस्थळं आपलं शुल्क कापून घेतात, ते जमवायच्या रकमेत आधीच मिळवा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी बँकेतून पाठवलेली वैयक्तिक देणगी त्यात येत नाही. करसवलत ८०जी असलेल्या संस्थेमार्फतच, आणि २,००० वरच्या रोख देणगीला नाहीच. पूर्ण खर्चाचा भार यावर टाकू नका. मानधन आणि देखभालीसाठी ही वाट उत्तम.

मग निवड काय?

हजार-दीड हजार उंबऱ्यांच्या गावानं चित्र वर्गणीतून, भिंत ग्रामपंचायतीकडून आणि रंग तालुक्याच्या दुकानदाराकडून वस्तुरूपात घ्यावेत. दुष्काळी वर्ष असेल तर वर्गणीचा आग्रह सोडून सीएसआरकडे वळा, घाई न करता. तालुक्याच्या एसटी स्थानकासारखी मोठी भिंत असेल तर सीएसआरशिवाय भागणार नाही, मात्र नावं महिलांच्या सभेतच ठरवा.

पैसा कुठलाही असो, ओल्या भिंतीवर तो वाया जातो. नवा गिलावा २८ दिवस वाळू द्या. बोअरच्या खारट पाण्यानं केलेल्या गिलाव्याला लोणा लागतो, पांढरी पूड दिसली तर घासून काढा आणि ओल कुठून येते ते आधी बंद करा. पुट्टी बाहेरच्या कामाची पांढऱ्या सिमेंटची घ्या, गोणीभर म्हणजे ४० किलो पुरते. घरातली पुट्टी किंवा पीओपी पावसात फुगतं. प्रायमर ४-५ लिटर, पार्श्वभूमीचा रंग दोन हातांना ८-१० लिटर. दक्षिण-पश्चिम भिंतीवर भडक लाल-पिवळे आधी उडतात, गेरू आणि मातकट रंग टिकतात, म्हणून लुगड्यांचे रंग त्यांतून निवडा. तळाची दीड फूट पट्टी गडद ठेवा, पावसाचा चिखल तिथपर्यंत उडतो.

चित्रकाराचे पैसे ३०, ४०, ३० टक्के असे टप्प्यांत द्या आणि चित्र काढून टाकायची वेळ आली तर काय करायचं हे करारात लिहा. दिल्लीच्या विज्ञान भवनातून सरकारनं काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कलावंताला ५ लाखांची भरपाई दिली होती. आपल्या कलाकृतीची मोडतोड होऊ न देण्याचा कलावंताचा हा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. चित्रातल्या प्रत्येक आजीची, ती हयात नसेल तर घरच्यांची, लेखी संमती घ्या आणि रेखाटन भिंतीवर जाण्याआधी तिला घरी जाऊन दाखवा. देखभालीचे २०,००० अनावरणाच्या दिवशीच मुदत ठेवीत टाका, दोन महिला सभासदांच्या सह्यांनी.