बँकेची ग्रामीण शाखा : अहवालातील आणि काउंटरवरील

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेची सेवा मी कापूस उत्पादक म्हणून बरीच वर्षे घेत आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण, सामाजिक जबाबदारी आणि सुशासन यांविषयीच्या कामगिरीचा अहवाल देणे बंधनकारक केले असून ही बँकही त्यात मोडते. म्हणून त्याच कसोट्या शाखेच्या काउंटरवर लावून पाहणे मला रास्त वाटते.

सामाजिक बाजू निःसंशय भक्कम आहे. 2014 मध्ये जनधन योजना आली आणि मजुरी करणाऱ्या बायांची स्वतःची खाती झाली. कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या की यंत्र अंगठा घेत नाही, तेव्हा आमचा बँकमित्र, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणारा प्रतिनिधी, ओल्या फडक्याने बोट पुसून, एकामागून एक दुसरी बोटे लावून पाहतो, पण कुणाला हिडीसफिडीस करून परत पाठवत नाही. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज केंद्राच्या व्याजसवलतीमुळे 4 टक्क्यांनी पडते. पेरणीच्या तोंडावर सावकाराचे दार टाळता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

पर्यावरणाच्या बाबतीत मात्र शाखा फार मागे आहे, आणि त्याचे मूळ कर्जाच्या मुदतीत आहे. पीककर्ज एका हंगामाचे असते. ते बियाणे, खते आणि फवारणीत जिरते आणि पुढच्या वर्षी नवे-जुने केले जाते, म्हणजे जुने फेडून नवे घेतले जाते. पाणी वाचवायचे तर ठिबक लागते, त्यासाठी काही वर्षांच्या मुदतीचे कर्ज लागते, आणि ते मागितले की सातबारा, आठ-अ, फेरफार, सर्च रिपोर्ट (जमिनीवरील बोजाचा शोध-अहवाल), इतर बँकांची बेबाकी (थकबाकी नसल्याचा दाखला) अशी मागणी वाढतच जाते. रिझर्व्ह बँकेने 1 जून 2023 पासून लागू केलेल्या हरित ठेवींच्या, म्हणजे पर्यावरणपूरक कामांना कर्ज देण्यासाठी घेतलेल्या ठेवींच्या, चौकटीत पाण्याची बचत करणाऱ्या सिंचनाचा स्पष्ट समावेश आहे. असे असताना कर्जवाटप वाढूनही शिवारात पाटपाणीच चालू राहते, कारण एकूण कर्जापैकी 18 टक्के शेतीला देण्याचे बँकांना घालून दिलेले उद्दिष्ट रक्कम मोजते, त्या रकमेतून जमिनीचे काय झाले हे मोजत नाही.

सुशासनाबद्दल माझी तक्रार थेट आहे. माझ्या खात्यातून न मागितलेल्या विम्याचा हप्ता कापला गेला होता. लेखी अर्ज दिल्यावर पैसे परत मिळाले, परंतु कापले कुणाच्या संमतीने याचे उत्तर मिळाले नाही. ज्यांना पासबुक वाचता येत नाही, त्यांच्या बाबतीत असा अर्ज कोण करणार?

पीककर्जासाठी ही शाखा मी विनासंकोच सुचवीन. मुदत कर्जासाठी जाणाऱ्यांनी मात्र अर्जाची पोच घ्यावी आणि नकार लेखी मागावा. सेवेतील त्रुटीबाबत बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि तिथे हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.