शंभर पुंगळ्या, आठ महिने: विल्सनचा ट्रिमर आणि दोन व्हर्नियर

ओहायोत राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी रायफल नेमबाजी सुरू केली आणि गेल्या हिवाळ्यापासून काडतुसं घरीच भरतो. .३०८ विंचेस्टर, एकच बोल्ट रायफल, एकाच लॉटच्या शंभर पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, जी झाडल्यावर पुन्हा भरता येतात. त्या आतापर्यंत पाच वेळा झाडून झाल्या आहेत. सुरुवातीला माझं सगळं लक्ष दारूच्या वजनाकडे होतं. पुंगळीची लांबी ही त्याइतकीच जपायची गोष्ट आहे, हे पुढे कळलं.

गोळी झाडली की पितळ चेंबरभर (रायफलमधल्या काडतुसाच्या खोबणीभर) फुगतं. डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, घालून ते परत मापात आणताना दाबलं जातं आणि मानेकडे, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद टोकाकडे, सरकतं, त्यामुळे पुंगळी लांब होते. .३०८ साठी सामी या अमेरिकी संस्थेने ठरवलेली कमाल लांबी २.०१५ इंच आहे, आणि कापायची ती २.००५ वर. म्हणजे हातात सगळे दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पुंगळी फारच लांब राहिली तर तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत अडकून गोळीवर आवळलं जातं. गोळी सहज सुटत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर हे घडतं, म्हणून इथे ‘चालतंय की’ म्हणायची माझी तयारी नाही.

लांबी मोजायला पहिला व्हर्नियर (कॅलिपर) स्वस्तातला डिजिटल घेतला होता. नाव लिहीत नाही. जानेवारीत थंड गॅरेजमध्ये दहाबारा पुंगळ्या मोजल्या आणि जबडे मिटले, तर शून्याऐवजी तीन थाउ दिसले. बंद करून ठेवला तरी सेल महिन्याभरात संपायचा. माझा मामा भोसरीत टूलरूममध्ये होता. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अरे, शून्यावर काय विश्वास ठेवतोस? जॉबच्या मापाचा गेज ब्लॉक ठेव शेजारी, आणि दर दहा जॉबनंतर तो मोज.” गेज ब्लॉक म्हणजे अचूक मापाचा ठोकळा; दोन इंची एकच मागवला. या आठ महिन्यांतली सगळ्यात कामाची खरेदी तीच.

नंतर मिटुटोयोचा सहा इंची डिजिटल घेतला. तो अर्धा थाउ दाखवतो, पण कंपनी अचूकतेची हमी एका थाउचीच देते, आणि या कामाला ती पुरते. फेब्रुवारीपासून त्याच सेलवर चालू आहे. ब्लॉक मोजला की २.००० येतं, फार तर अर्धा थाउ इकडेतिकडे.

पण चांगलं हत्यार हातात असूनही मी चुकलो. दुसऱ्या फेरीत पुंगळ्या डायमध्ये घालायच्या आधीच मोजल्या. २.००८, २.००९ असे आकडे आले, मी खूश. डायमधून काढून तशाच वीस भरल्या. एकविसावी सहज मोजली तर २.०१६! भरलेल्या काडतुसात पुंगळीचं तोंड मोजता येत नाही, म्हणून वीसच्या वीस परत उघडली. त्यांतल्या सहा मापाबाहेर निघाल्या. तेव्हापासून क्रम पक्का आहे: आधी डाय, मग वंगण पुसणं, मग मोजमाप. वापरलेला प्रायमरही (बुडातली दारू पेटवणारी टिकली) आधी निघालेला हवा, कारण तो किंचित बाहेर आलेला असला तर बूड जबड्याला टेकत नाही. मोजताना पुंगळी हलकेच फिरवायची आणि सगळ्यात कमी दिसणारा आकडा खरा मानायचा. ती जराशी तिरकी बसली तरी माप जास्तच येतं.

ट्रिमर, म्हणजे पुंगळी मापात कापायचं यंत्र, विल्सनचा, मायक्रोमीटरवाला. दिसायला लहानसा लेथच. पुंगळी तिच्या होल्डरमध्ये हलक्या ठोक्याने बसवायची, होल्डर रुळांवर ठेवायचा, बूड मागच्या स्टॉपला टेकवायचं आणि कटर हाताने फिरवायचा. होल्डर पुंगळीला अंगाने धरतो, त्यामुळे तोंड काटकोनात कापलं जातं. मला भावलेली गोष्ट म्हणजे माप बुडापासून धरलं जातं. ड्रिलवर लावायचे काही ट्रिमर खांद्यापासून, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथून, माप धरतात. ते झपाझप काम करतात, पण खांदा कमीजास्त मागे गेला की लांबीही तेवढीच बदलते. माझ्या शंभर पुंगळ्या शेवटच्या फेरीत एका थाउच्या फरकात बसल्या. त्याच होल्डरवर .२४३ विंचेस्टरही चालते, मित्राच्या पुंगळ्या मी तशाच कापून दिल्या.

हाताने कापायचं म्हणजे वेळ लागणारच. पन्नास पुंगळ्यांना माझा पाऊण तास जातो, आणि त्यात बर (कापल्यावर उरणारी धातूची धारदार कड) काढणं धरलेलं नाही. कापल्यावर तोंडाला आतून-बाहेरून बर राहते. ती काढून आतून हलका चॅम्फर मारायचा, म्हणजे कड तिरपी करायची, नाहीतर गोळी बसताना खरवडली जाते. बर काढल्यावरच पुन्हा मोजायचं. बरीमुळे एकदोन थाउ फुकट वाढलेले दिसतात आणि आपण नसती कापाकापी करत बसतो. महिन्याला हजार काडतुसं भरणाऱ्याने मोटरवाला ट्रिमर बघावा. माझ्यासारख्या महिन्याला साठसत्तर झाडणाऱ्याला हाच घ्या म्हणेन.

प्रत्येक डबीवर चिठ्ठी लावतो: किती वेळा झाडली, किती वेळा कापली. वर कापून टाकलेलं पितळ खालून कुठूनतरी आलेलं असतं, आणि ते बहुतेक बुडाजवळच्या भिंतीतून येतं. तिथे भिंत पातळ झाली की पुंगळी चेंबरमध्येच तुटू शकते. म्हणून तिसऱ्यांदा कापल्यावर टोक वाकवलेली तार आत घालून बुडाजवळ चाचपतो. गेल्या रविवारी दोन पुंगळ्यांत तार खाचेत अडकली. एकीवर बाहेरूनही चकचकीत कडं दिसत होतं. लांबी दोघींची अगदी २.००५ होती. दोन्ही हातोडीने चपट्या करून भंगाराच्या डब्यात टाकल्या, आणि चिठ्ठीवर आता अठ्ठ्याण्णव लिहिलंय.